सारीबुलाकला मागे राहिलेले

२ जुलै १९५३
पोचले एकदाची सारीबुलाकला! ट्रकमध्ये मेंढ्यांच्या कातड्यांवर बसून आले, अंगाला अजून तो वास येतोय, पण मन आनंदात आहे. आल्मा-आताला डॉक्टरकी शिकताना आम्ही मुली अशा आडगावच्या नेमणुकीला घाबरायचो. मला तर हे मोकळं माळरान बघून गावंसं वाटलं. दवाखाना म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली, एक खाट आणि दार न लागणारं कपाट. राहायला बतिमा आपांच्या घरी. त्यांचा थोरला मुलगा युद्धावरून परतला नाही. धाकटा कासेन सामूहिक शेताचे घोडे राखतो. आपांनी आधी पोटभर बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, खायला घातले आणि मग नाव विचारलं. साउले, म्हणजे किरण, म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं, घरात उजेड आला.

१६ जुलै
कासेन आज दवाखान्याच्या दारात उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डॉक्टरबाई, माझ्या घोडीला सर्दी झालीय. जीभ बघता का?" मी म्हटलं, घेऊन ये, पण तिचा नंबर तुझ्यानंतर. ओमीरजाक आजोबा गुडघ्याला मलम लावून घेत होते, ते खोकला येईपर्यंत हसले. कासेनचे कान लाल झाले.
आपा हल्ली माझ्या पेल्यात चहा अगदी थोडा ओततात. मी पुन्हा पुन्हा मागावा आणि बसून राहावं म्हणून. कासेन समोर बसलेला असतो.

५ ऑगस्ट
लष्कर आलंय. मेंढवाड्यापाशी सभा झाली. मेजर म्हणाले, समुद्रापलीकडे अमेरिका बॉम्बचे ढीग रचून बसलीय, कष्टकऱ्यांचं हे राज्य पुसून टाकायला टपलीय. म्हणून आपल्याला सराव करणं भाग आहे. गावानं थोडे दिवस डोंगराकडे जायचं. कासेननं मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं, "पण साहेब, अमेरिका इथं येऊन करणार काय? मेंढ्या कातरणार?" सगळे हसले, मेजरसुद्धा.
मग त्यांनी काही पुरुषांना बोटानं बाजूला काढलं. मागे उरणारी जनावरं राखायला. कासेन त्यात आहे, ओमीरजाक आजोबाही. त्यांच्यासोबत दवाखान्यातलं कुणीतरी हवं, म्हणून मी. मला अभिमान वाटला. देशानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलंय.

८ ऑगस्ट
ट्रक गेले. आपा चढायलाच तयार नव्हत्या. कासेनचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याचं कपाळ हुंगत राहिल्या. एक गेलाय, हा तरी ठेवा, असं मेजरना म्हणाल्या. त्यांना कझाक कळत नाही. मला म्हणाल्या, परत आले की तुमच्या दोघांचं बोलू. धूळ खाली बसली तेव्हा गावात एका कुत्र्याचाही आवाज नव्हता. माणसं असलेलं गाव इतकं गप्प मी कधी पाहिलं नाही.

१२ ऑगस्ट
सकाळी सैनिकांनी आम्हाला ओढ्याच्या घळीत पालथं झोपायला सांगितलं आणि ते स्वतः गाडीतून निघून गेले.
डोळे मिटलेले होते, वर हात होते, तरी उजेड आत शिरला. मग उष्मा. मग जमीन एखाद्या जनावरानं अंग झाडावं तशी हलली, आणि त्यानंतर आवाज. आजोबा देवाचं नाव घेत होते. घोडे उधळले. मी ओरडले, तरी कासेन उठून त्यांच्यामागे धावला.
दुपारपर्यंत राख पडत होती. मऊ, कोमट. कासेन तिच्यात माखून परतला. हसत होता. नंतर ओकला.

१३ ऑगस्ट
तोंडावर मुखवटे घातलेले लोक आले. हातात टकटकणारा डबा. कासेनजवळ नेला तर टकटक थांबेचना. सभेत हसले होते तेच मेजर, आवाजावरून ओळखले. हे प्या, म्हणत वोडकाची बाटली जमिनीवर ठेवून मागे सरकले. हातात दिली नाही. सगळ्यांचं रक्त काढून नेलं. औषध काय देऊ, मी विचारलं. म्हणाले, फक्त लक्ष ठेवा.

२१ ऑगस्ट
मेंढीच्या पाठीवर हात ठेवला, लोकर हातात आली. खाली कातडी उघडी.
कासेनच्या हिरड्यांतून रक्त. उशीवर केस. बाकीच्यांचंही तेच.
हे मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या बॉम्बनंतर जपानमधल्या माणसांचं असंच झालं होतं, आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं. शत्रू किती क्रूर आहे, हे सांगायला.
जनावरं राखायला नाही ठेवलं आम्हाला.

२५ ऑगस्ट
आजोबा गेले. मुखवटेवाले प्रेत मागत होते. आम्ही आधीच पुरलं होतं. त्यांनी उकरलं —
कासेननं विचारलं, "बॉम्ब अमेरिकेनं टाकला ना, साउले?"
मी हो म्हटलं.
"मग आपले सोडणार नाहीत त्यांना," म्हणाला. शांत झोपला.

२७ ऑगस्ट
कासेन —
खोल खणायला हातांत जोर नाही. तरी खणलं. वर दगड. कुणाला सापडू नये.
माझ्या कंगव्यातही —

३० ऑगस्ट
ट्रकचे आवाज. गाव परत आलं. मुलं ओढ्याकडे धावताहेत, पाण्यात — दारातून ओरडतेय, पिऊ नका, राखेला हात लावू नका — आवाज निघत नाही. लष्कराचा माणूस त्यांना सांगतोय, सगळं ठीक आहे.
आपा आल्या. आत येऊ नका म्हटलं. आल्याच. डोकं मांडीवर घेतलं माझं. केस त्यांच्या हाताला लागले. ते गोळा करून बाजूला ठेवले, जपून.
लिहू देतात. बसल्यात.
आता विचारताहेत. माझ्या पोराला कुणी मारलं?
मेजर दाराशी उभे आहेत. मुखवटा नाही आज. कझाक कळत नसलं तरी ऐकताहेत.
त्याला खोटं सांगितलं. यांना नाही सांगणार. आपा, तुमच्या कासेनला आपल्याच —