आईच्या वयाची रिकामी जागा

मुकुंदवाडी,
ता. ४ ऑगस्ट १९९१

तीर्थरूप मालनआत्यास,
सविनय जय भीम.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा आणि बिडकीनची शेळी, दोघांची खुशाली कळवावी. (फकिरामामा पत्र वाचून दाखवताना कंटाळून ओळी गाळतात. या वेळी गाळू नयेत.) दादांनी माझी पदवी अजून फ्रेम केलेली नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्यावरच करू म्हणतात. खिळा मात्र ठोकून ठेवलाय.

आत्या, मला पाहणीच्या कामावर कॉम्प्युटर मिळाला. आई काम करते त्या खोक्यांच्या कारखान्यातल्या दोनशे बायांची वयं त्यात भरायची होती. चाळिशीपुढच्यांना डोळे तपासून चष्मे मिळणार आहेत. एकतीस जणींना वयच माहीत नाही. सखूबाई म्हणाली, "लिही, पोलीस ॲक्शनला रांगत व्हते." मी तसंच लिहिलं. त्या एका वाक्यापायी यंत्रानं सगळा रकानाच मजकूर धरला (बाकीच्यांचे आकडेसुद्धा त्याला अक्षरं वाटू लागले) आणि सरासरी काढायला नकार दिला. मग मी अशा जागी शून्य भरलं, तर सरासरी तीसवर आली. आमचे साहेबराव सर म्हणाले, "पाळण्यातल्या पोरी कामाला लावल्या काय?" म्हणून नव्व्याण्णव भरलं, तर सगळा कारखाना शेहेचाळिशीला गेला.

शेवटी त्या जागी 'माहीत नाही' अशी खूण केली. तेव्हा सरासरीचं उत्तरही आलं, माहीत नाही. एकतीस जणींचं ठाऊक नसताना दोनशेंचं कसं सांगू, असं त्याचं म्हणणं. मला इतका आनंद झाला की मी चहा घेऊन आलेल्या माणसालाही ते दाखवलं (तो कप ठेवून निघून गेला). आपल्या गुरुजींनी तर माहीत नसलेल्या सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला लावून टाकला होता. सर म्हणाले, "माहीत नसलेल्या गाळायला सांग त्याला." सांगितलं. छत्तीस आलं, पण चष्म्याच्या यादीतूनही त्या एकतीस जणी गेल्या. त्यांत आई आहे. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि वय विचारलं की म्हणते, "लिही की वीस."

तुमची,
मंजुळा

ता.क. यादी पुढच्या शुक्रवारी जाते. दादांसाठी आईला पाहायला तुम्हीच गेला होतात. ते साल कोणतं, आणि तेव्हा तिचं वय किती सांगितलं होतं? (कमी सांगितलं असेल तर खरं किती?) मनानं आकडा बसवू नका.

आणखी एक. माझा खरा जन्म कधीचा, तेही कळवा. मला आता एक जून सहन होत नाही. मात्र कायम नोकरीला पंचविशीची अट आहे. वय त्यापुढं जात असेल, तर फकिरामामांनी उत्तर लिहिताना ती ओळ गाळावी.