चहा सोडलेल्या शलमोनला

शलमोन,

चाळीस दिवसांच्या उपासात तू चहा सोडलास, आन तवापासून घरात सगळ्यांवर खेकसायलास. पत्तीच्या डब्यावर ‘इंद्रियदमन’ लिहून चिकटवलंस, तवा मला लय अभिमान वाटला होता. आज सकाळी सुमंगलानं माझ्यापुरता चहा ठेवला, तर वास येतो म्हणून तू पातेलं मोरीत ओतलंस. तिनं पिशवी भरली आन चुडाव्याला माहेरी निघून गेली.

मी तिला आणायला चालले. भाकरी टोपल्यात हायत, बेसन गरम करून घे. पाळकसाहेब प्रार्थनेला आले तर खरं काय ते सांग, तिची आई आजारी हाय म्हणून गेली, असं म्हणू नको. डब्यावरच्या त्या शब्दाचा अर्थ मी त्यांनाच विचारला होता. स्वतःला आवरणं, म्हणाले. बायकोला आवरणं त्यात कुठंच न्हाई.

तिच्या आईबापापुढं आज मला मान खाली घालावी लागणार. ती मी घालीन, तिला घेऊनच येईन. आल्यावर तिच्यादेखत, तुझ्या तोंडावर सांगणार हाय ते आत्ताच वाचून ठेव: शलमोन, चहाचा थेंबही न पिता तुझा उपास मोडलाय.

आई