म्हशी हाकणारा देव

पाद्री मारोलोप यांस,

दादा म्हणायची इच्छा उरली नाही, म्हणून हुद्द्यानेच हाक मारते.

रविवारी भर उपदेशात तुम्ही माझं हसं केलंत. "आपल्यात एक बाई आहे, तिचा देव म्हशी हाकतो!" अख्खं चर्च फिदीफिदी हसलं.

हो, हाकतो. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" या स्तोत्रातला मेंढपाळ मी डोळ्यांसमोर आणू कसा? आपल्या गावात मेंढरं पाळतंय कोण? माझा नवरा तोबा सरोवरात बुडाला, आणि कांदे विकायला मला त्याच पाण्यावरून जावं लागतं. होडी हलली की मी डोळे मिटून ते स्तोत्र म्हणते आणि मेंढपाळाच्या जागी आपले बाबा दिसतात. गुडघाभर चिखलात, हातात वेताची काठी घेऊन म्हशींना पाण्यावर नेणारे. एकही म्हैस त्यांनी कधी बुडू दिली नाही. मग माझी भीती जाते.

आणि गेल्या महिन्यात होडी कलंडायला आली, तेव्हा झग्यासकट मला कोण बिलगलं होतं? सगळी स्तोत्रं तोंडपाठ असलेल्या तुम्हाला एक ओळ आठवेना. "रुगुन, ते म्हशींचं सांग गं," म्हणालात. किनारा लागेपर्यंत मी सांगत राहिले.

हे पत्र मी धाडणार नाही, होडीला जाताना कमरेला खोचून ठेवीन. पुन्हा वारं सुटलं आणि तुम्ही माझा हात धरलात, की आधी हे वाचायला देईन. म्हशी त्यानंतर.

ज्यांच्या म्हशी विकून तुम्ही पाद्री झालात, त्यांची मुलगी,
रुगुन