रोडग्यांवरची राख

अमरावती, रविवार, ७ डिसेंबर

स्वयंपाकाच्या स्पर्धेतला माझा भाग आज टीव्हीवर लागला. मी जिंकले. तरी संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे.

ती राख. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजायचे, पण मुंबईच्या स्टुडिओत विस्तव चालत नाही, म्हणून माझे ओव्हनमध्ये भाजले. मग तिथल्या एका बाईनं पुडीतली राख त्यांच्यावर भुरभुरवली आणि म्हणाली, आता हसत हसत झटका. मी झटकली. हसलेसुद्धा! परीक्षक डोळे मिटून म्हणाले, "व्वा, निखाऱ्याचा वास!" कुठून आला असेल तो? अकोल्याच्या ताईंची पातोडी माझ्या रोडग्यांपेक्षा सरस होती, मी चाखली होती. त्या हरल्या. त्यांचं रडणं दोनदा घेतलं, पहिल्या वेळी उजेड कमी पडला म्हणून.

आज अर्धी गल्ली आमच्याकडे बघायला जमली होती. मला रोडगे शिकवले ते सासूबाईंनी. टीव्हीत राख दिसली तशा त्या म्हणाल्या, "काहून व, गोवऱ्या तं कुठीच दिसून नाही राहिल्या?"

खरं सांगणारच होते मी. मग बायकांकडे नजर गेली आणि तोंडून निघालं, "बाहेर पेटवल्या होत्या, आई. तेवढं दाखवलं नाही."

"पाहा!" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "माह्या सुनेनं मुंबईतबी गोवऱ्याच पेटवल्या."

आता सासूबाई अंगणात गोवऱ्या रचून राहिल्या आहेत. उद्या गल्लीला रोडग्यांचं जेवण. मला म्हणाल्या, "तिथं केले तसेच करजो."