कार्डावर ठेवलेले दोनशे रुपये

मन्मथभाऊजी,

तुमच्या दादांच्या क्रेडिट कार्डाचं देणं मिटवायला अंबाजोगाईला बँकेत चालले. पतसंस्थेत अडकलेली ठेव काल सुटली, म्हणून पाटल्या मोडायची वेळ आली न्हाई.

टँकर दहाला येतो. आधी घरातल्या टाक्या भरा, मग म्हशीचं बघा.

ह्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलाय. बँकेच्या पोरीचा वसुलीचा फोन आला तर तुमी उचलू नका, आईंकडं द्या. ती विचारते, "कल्याणराव आहेत का?" आई म्हणतात, "शेतात गेलाय, येईल." मधी बोलू नका. ते जाऊन आठ महिने झाले. तुमाला रडू येतं म्हणून तुमी घरात त्यांचं नाव घेत न्हाई, बायको म्हणून मी घेत न्हाई. ती पोरगी तेवढी घेते.

सगळे पैसे भरणार होते, पण दोनशे रुपये मुद्दाम मागं ठेवतेय. व्याज चढंल, ठाऊक हाय. तुमी परस्पर भरू नका.

आईंसाठीच ठेवतेय असं म्हणले असते. पण त्या "येईल" म्हणल्या, की त्या दिवशी माझ्या हातून एक भाकरी जास्तीची थापली जाते.

उमावहिनी