गाडी कोरडी आहे, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. आपल्या शकूचं पत्र आधी जर्मनीतल्या माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं, तिथून कुणा भल्या माणसाने ते पुढं धाडलं, आणि परवा इथल्या एका पोस्टात माझ्या हातात पडलं. तेव्हाच तुम्हाला लिहायला बसायला हवं होतं. नाही बसलो. आज बसलोय, कारण आज दुसरं काही करताच येत नाही. वाऱ्यामुळे फेरीबोट बंद आहे, आमची गाडी धक्क्यावर रांगेत उभी आहे आणि टपावर पाऊस वाजतोय. पलीकडच्या गावात पोस्ट आहे. बोट येईपर्यंत मला एका कागदावर सही करायची की नाही ते ठरवायचंय. तो कागद शकूनेच पाठवलाय. त्याचं सांगतो पुढं.

आधी मी कुठं आहे ते सांगतो. नॉर्वेत. इथं समुद्र डोंगरात घुसतो. लोणावळ्याच्या दरीत कुणी खाडी सोडून दिली तर कशी दिसेल, तसं. त्याला फ्योर्ड म्हणतात. कड्यांवरून इतके धबधबे पडतात की पहिल्या आठ-दहांनंतर माणूस मान वर करत नाही. पाऊस नऊ दिवस चाललाय. आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही, चिकट. अंथरूण दमट, मोजे दमट, काडेपेटीसुद्धा दमट.

गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. गाडी आर्नेची. सत्तरीचा म्हातारा, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होता. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून चालवायला मी. त्याला आपलं जन्मगाव एकदा बघायचंय. कधीकाळी मुंबई बंदरात येऊन गेला, तेव्हाचं ‘जल्दी जल्दी’ एवढंच हिंदी त्याला येतं, आणि ते तो नेमकं घाटाच्या वळणावर म्हणतो. इथं एक तपकिरी चीज मिळतं, चव थेट करपलेल्या बासुंदीसारखी. आईने एकदा बासुंदी लावली होती आणि तुम्ही न बोलता दोन वाट्या खाल्ल्यात, आठवतं? असो. भरकटलो. ती सवय गेली नाही.

तर ही गाडी गळत होती. चार दिवस थेंब नेमका माझ्या उशीवर. मी काय केलं, तर उशीच्या बरोबर वर, बाहेरून टपावर डांबराचं कापड चिकटवलं. तुमचा पोरगा, आणि थेंब पडतो तिथंच ठिगळ लावतो. आर्नेने विचारलं, “तुझे वडील काय काम करतात म्हणाला होतास?” मी म्हणालो, गाडीत बसून पाऊस शोधतात. तो खूप हसला. म्हणाला, “मग पत्र टाक आणि विचार त्यांना.”

त्याच दुपारी शकूचं पत्र मिळालं.

तुमचं काम मी लोकांना सांगतो तेव्हा कुणाला पटत नाही. कंपनीत नवी गाडी तयार झाली की ती पत्र्याच्या एका खोलीत ढकलायची, चारी बाजूंनी नळ सोडायचे, आणि आत एक माणूस खडू घेऊन बसणार. पाणी शिरलं तिथं खूण करणार. अठरा वर्षं तो माणूस तुम्ही. दिवसभर खोट्या पावसात कोरडे बसायचात, आणि सुटी झाली की कुरुळीला घरापर्यंत सायकलवर खऱ्या पावसात भिजत यायचात. आई म्हणायची, “येवड्या गाड्या तपासल्या, येकीनं तरी घरला सोडलं का तुमास्नी?” तुम्ही शर्ट पिळत म्हणायचात, “त्या गाड्यांस्नी आपलं घर ठाव न्हाई.”

खंडेनवमीला कंपनी घरच्यांना आत सोडायची. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, सगळीकडं पेढे. मी नऊ वर्षांचा असेन. तुम्ही मला एका नव्या गाडीत बसवलंत आणि नळ सोडायला सांगितलं. काचांवर पाणी धडधडत होतं आणि आत आपण दोघं. मी विचारलं, अण्णा, ही गाडी कुठं जाणार? तुम्ही पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणालात, “मला काय ठाव? कोरडी जाईल, येवडं खरं.”

त्याच दिवशी तुम्ही मला एक गोष्ट शिकवली होती. थेंब पडतो तिथं भोक नसतं. पाणी आधी चालतं, मग पडतं.

परवा पत्र वाचून झाल्यावर मला रडू आलं नाही, अण्णा. वाईट वाटून घेऊ नका. मी गाडीत शिरलो, दारं लावली, आर्नेला गप्प राहायला सांगितलं आणि तुमच्यासारखं बोट फिरवत बसलो. तासभर गेला. भोक उशीजवळ नव्हतंच. पार पुढं, टपातल्या हवेच्या खिडकीचं रबर एका कोपऱ्यात उललं होतं. पाणी तिथून शिरून अख्खा टप चालून माझ्या उशीवर येत होतं. खडू नव्हता, शेगडीतल्या कोळशाने खूण केली. मग रडलो. आर्नेने चहा केला. फार वाईट करतो तो चहा. काल सकाळी तो कोपरा डांबराच्या कापडाने बुजवला.

एक तक्रार आहे. दुसऱ्याच्या गाडीतली केसाएवढी फट तुम्हाला सापडायची, आणि स्वतःच्या छातीत दुखतंय हे तुम्ही शकूलाही सांगितलं नाहीत? तिने लिहिलंय, तुमचे शर्ट धुवायला काढले तर सगळ्यांच्या खिशात खडूचा लगदा. यावरून आई तुम्हाला किती बोलायची. आता ती ते शर्ट धुवू देत नाही म्हणे.

आणि माझी चूक तर तुम्हाला पाठ असेल. तुम्ही फोरमनकडं शब्द टाकून मला कामाला लावलंत, आणि अकराव्या दिवशी मी डबा गेटवर ठेवून ट्रकमध्ये चढलो. दोन दिवसांनी कपडे न्यायला घरी आलो, तेव्हा तुम्ही सायकलीत हवा भरत होता. मी म्हणालो, मला तुमच्यासारखं डब्यात बसून जन्म काढायचा नाही. तुम्ही पंप थांबवला नाहीत. म्हणालात, “डब्यात न्हाई. गाडीत बसतो मी.”

हे आपलं शेवटचं बोलणं. इराणात आठवलं, तुर्कस्तानात आठवलं, हॉटेलात ताटं विसळताना आठवलं. पत्रात मात्र कधी लिहिलं नाही.

आता तो कागद. तुमच्या जागी कंपनी घरातल्या एकाला घेणार आहे. मुलगा असेल तर पहिला हक्क मुलाचा. मुलाने दिवाळीच्या आत ‘मला नको’ असं लिहून दिलं तर मुलीला हापिसात टायपिंगला घेऊ, असं साहेबांनी सांगितलंय. शकू लिहिते, “दादा, आई म्हणते ये. मीही म्हणते ये. कागद नुसता सोबत जोडलाय.” बास. टायपिंगची परीक्षा ती पास झाली आणि तुम्ही पेढे आणलेत, हे तिने शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलंय. मागितलं काहीच नाही. तुमचीच पोरगी.

खरं सांगू? मी थकलोय. सहा वर्षं फिरलो. आता वाटतं, जाऊन त्या गाडीत बसावं. ठरलेली वेळ, ठरलेला पाऊस, हातात खडू. परवापासून मला तेच दिसतंय. कागद फाडायला दोनदा हातात घेतला होता.

पण मी मला ओळखतो. सहा महिने बसेन. मग एखाद्या गाडीला बाहेर नेताना बघेन आणि तिच्यामागून चालू लागेन. जागा माझ्याकडून जाईल आणि शकूलाही मिळणार नाही. ती मात्र टिकेल. तुम्ही टिकलात तशी.

रांगेतल्या गाड्या सुरू व्हायला लागल्यात. बोट येतेय. आर्ने ‘जल्दी जल्दी’ करतोय.

सही केली, अण्णा. मराठीत केली, तुम्हाला वाचता येईल अशी.

आणि हा शब्द देतो. आर्नेला त्याच्या गावी पोचवलं की मी निघतो. तुमच्या जागेसाठी नाही, घरी. शकू पहिल्या दिवशी कामाला निघेल तेव्हा तुमची सायकल मी चालवेन, ती मागं कॅरियरवर. पाऊस असला तर भिजू. गेटपर्यंत सोडेन, तिचा डबा तिच्या हातात देईन, आणि या वेळी फोरमनला तोंड दाखवूनच मागं वळेन.

ती गाडी कुठं जाणार, असं मी विचारलं होतं. तिचं मला माहीत नाही. ही इथवर आली. कालपासून आत एक थेंब नाही.

तुमचा,
गाडीतच बसलेला,
दत्तू