निळ्या वायरीतून आवाज येत नाही

पप्पा, काल दुपारी तुम्ही टीव्हीवर आलात. चित्र आलं, आवाज काही आला नाही.

आई ताईकडं माणला राहायला चाललीय, म्हणून घर आवरायला मी दहा दिवसांसाठी आलोय. दहा दिवस एका जागी म्हणजे माझ्या मानानं फारच झालं, तुम्हाला माहीतच आहे. कपाटाच्या वर, गोधड्यांच्या खाली, ताईचा कॉलेजातला लॅपटॉप सापडला. जाडजूड, पाटीसारखा जड. त्याच्या पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलाय, स्पीकर तर कधीच गेलेत, पण बटण दाबलं की आतला पंखा अजून फिरतो. त्यात ताईच्या साखरपुड्याचं शूटिंग आहे, पुनावळ्याच्या हॉलमधलं. तुमचा आवाज आता जगात तेवढ्या एकाच जागी आहे. तुमच्याशी बोलणं रेकॉर्ड झालेला माझा फोन मी गोव्यात समुद्रात घालवला, ती वेगळीच गोष्ट. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. डोळे मिटले की तुमचा चेहरा दिसतो, खांद्यावरचा टॉवेल दिसतो, पण तुम्ही बोलायला लागलात की आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येतो. कधी बस कंडक्टरचा, कधी हिमाचलातल्या एका ढाबेवाल्याचा. म्हणून मला तो ऐकायचा होता. बाकी काही नाही.

पेनड्राइव्हवर घेऊन बघितलं, टीव्हीला ती फाइल उघडेना. मग त्याच जुन्या कपाटात निळ्या तोंडाची जाड वायर सापडली, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू असलेली. आपल्या जुन्या टीव्हीच्या पाठीमागं तसलंच निळं भोक आहे. जोडलं, रिमोटवरून इनपुट बदलत बदलत गेलो आणि एकदम हॉल उघडला. पिवळा उजेड, झेंडूच्या माळा, बुद्धवंदना संपून लोक पंगतीला बसतायत. बाहेर ऊन होतं, पडदा वाऱ्यानं आत यायचा आणि तुमच्या अंगावरून परत जायचा. तुम्ही लांब, हॉलच्या त्या टोकाला, नवीन शर्टात. ओठ हलतायत. टाकीतल्या माशासारखे.

मी आवाज वाढवला, कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावरची फुली काढली, लॅपटॉप बंद करून चालू केला. शांतता. आणि माझ्या मागं आई हसायला लागली. "बघ की, म्हणतेत आमटी संपत आलीय, वाढप्याला सांग." मी वळून बघितलं. आई पलंगावर बसून कांद्याच्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. "आता म्हणतेत, तुझा पदर पंख्यात जाईल. मी होते ना कॅमेऱ्याच्या बाजूला उभी." मी म्हटलं, आई, आवाजच येत नाहीये. "कशाला पाहिजे आवाज? मला कळतंय."

मग मला तुमची कंपनी आठवली. चाकणचं ते प्रेस शॉप, गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणारं. खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा मी आठवीत असेन. मशिनींना हार घातलेले, पेढे वाटप चाललेलं, सगळं बंद, इतकं शांत की बाहेरचा कावळा ऐकू येतोय. आणि तुम्ही तरी पलीकडच्या लाइनीवरच्या काकांशी ओठांनीच बोलताय, आवाज न काढता, आणि तेही तसेच उत्तर देतायत. कुणीतरी ओरडलं, "अरे, आज सुट्टी हाय, तोंडानं बोला की राव!" सगळे हसले, तुम्हीही लाजून हसलात. इतकी वर्षं त्या धडाड-धडाडमध्ये काढलेली, ओरडून उपयोग नसतो हे तुमच्या अंगातच भिनलेलं. गोंगाट झाला की लोक आवाज चढवतात, तुम्ही मात्र आवाज काढूनच टाकायचात. घरीही तेच. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही झोपलेलो असायचो आणि पाळी संपवून आलेले तुम्ही आईशी नुसत्या ओठांनी सगळा संसार बोलायचात. ती शिकली. ताई थोडं शिकली. मी खिडकीबाहेर बघायचो. त्यावरून एकदाच रागावला होतात, हातातला घास खाली ठेवून: "बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत जा रे. सगळं कानावर सोडू नको." मी तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होतो बहुतेक. समोरच्या टाकीवर पोपट बसायचे. असो.

शूटिंगच्या शेवटी तुम्ही पुन्हा दिसता. कॅमेरा जवळ गेलाय, मागं पंगत उठलीय, तुम्ही कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघून काहीतरी म्हणता. छोटंसं. आई हसायची थांबली आणि पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. काय म्हणाले, मी विचारलं. "काई नाही. तुझ्याबद्दल होतं." पण काय? "आवाज लाव ना तुझा तू. मग तूच ऐक." मी म्हटलं, इअरफोन घालतो. तर आतून आवाज आला, "एकट्यानं नाही हं ऐकायचं. मी पण बसणार."

ताईच्या साखरपुड्याला मी नव्हतो. येतो म्हणालो होतो. हिमाचलात, कसोलला एका तंबूवाल्याकडं काम करत होतो, बस होती, तिकीटही होतं, आणि सकाळी उठून मी नदीकाठी चालायला गेलो तो गेलोच. त्या हॉलमध्ये तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाला असाल, याच्या मी रात्रभर नाना तऱ्हा करून बघितल्या. एकही चांगली निघाली नाही.

आज सकाळी देहूरोडला गेलो. जुन्या टीव्हीचं सामान तिथंच मिळतं असं कुणी म्हणालं. वाटेत लष्कराच्या हद्दीतली झाडं इतकी गर्द आहेत की मी अर्धा तास उगाचच उभा राहिलो. दुकानदार टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलेला. मी सगळं सांगितलं. तो डोकं न काढताच म्हणाला, "भावा, निळ्या वायरीतून आवाज जातच नाही. ती फक्त चित्राची. कधीपासून झटतोयस?" कालपासून. "मग काल कुणाला तरी विचारायचं की!" दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली बारीक काळी वायर त्यानं हातात दिली. "एक टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं टीव्हीला, निळ्याच्या बरोब्बर शेजारी. टीव्हीच्या हेडफोनमध्ये घालू नको, सगळे तिथंच घालतात." घरी येऊन मी पहिल्यांदा तिथंच घातलं.

मग शेजारी घातलं आणि अख्खा हॉल खोलीत शिरला. आई पदर सावरून बसली. भांड्यांचा खणखणाट, स्पीकरवरचं गाणं, कुणाचं तरी रडणारं बाळ, "इकडं भात, इकडं भात!" ताईच्या सासऱ्यांचं हसूसुद्धा. तुम्ही लांबून बोललात, आमटीचं. काही ऐकू आलं नाही. लांब आहेत, म्हटलं. शेवटचा भाग आला. कॅमेरा जवळ. तुमच्या शेजारच्या माणसाचा ढेकर स्वच्छ ऐकू आला, पप्पा. तुमचे ओठ हलले. तुमचा आवाज नव्हता. मी तीनदा मागं नेऊन बघितलं. वायर चांगली होती, टीव्ही चांगला होता. गोंगाट होता, म्हणून तुम्ही आवाजच काढला नव्हता.

टीव्हीत हॉलचा पडदा आत आला, परत गेला. आई टीव्हीकडून माझ्याकडं वळली. मग माझ्या तोंडाकडं बघत, सावकाश, लहान पोराला शिकवावं तशी म्हणाली, "म्हणतेत, त्याचं ताट झाकून ठेव. येतंय ते." मी विचारलं, ठेवलं होतंस? "ठेवलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच खाल्लं."

नंतर मी आलोच होतो, दोन महिन्यांनी, चार दिवसांसाठी. निघायच्या दिवशी मोशीच्या रस्त्याकडेच्या दुकानातून माझ्यासाठी हेल्मेट घेऊन आलात, स्वतः पट्टा लावून दिलात. गाडी चालू होती, डोक्यात हेल्मेट, आई वर गॅलरीत. तुम्ही फाटकाशी उभे. तुमचे ओठ हललेले मला दिसतायत, अगदी आत्ता दिसतायत, छोटंसं वाक्य, तीन किंवा चार शब्दांचं. त्यानंतर आपण भेटलो नाही. आईला तिथून तुमची पाठ दिसत होती, म्हणजे तिलाही विचारता येत नाही. तुम्ही उत्तराची वाट बघत थांबलात. मी जोरात मान हलवली, अंगठा दाखवला, आणि तुम्ही खूश होऊन फाटक उघडलंत.

पप्पा, मला काहीच कळलं नव्हतं.